शंकरपाळीत काय लिहायचं

आमची कंपनी लिफ्ट सांभाळते. बनवत नाही, विकत नाही. बोरीवलीपासून मुलुंडपर्यंतच्या सोसायट्यांमध्ये दुसऱ्यांनी बसवलेल्या लिफ्ट बंद पडतात, फोन येतो, आम्ही मेकॅनिक पाठवतो, लिफ्ट चालू होते. ऑफिस अंधेरी पूर्वेला, इंडस्ट्रियल इस्टेटमधले दोन गाळे जोडून केलेलं. सर्व्हिसचं सगळं मी बघते, त्याला एकोणीस वर्षं झाली. तुमचं काम काय, असं कोणी विचारलं तर मी वरचं एक वाक्य सांगायची आणि ते पुरायचं. मग शेठनी तेच काम चित्र काढून दाखवायला सांगितलं आणि माझा गोंधळ सुरू झाला. तो अजून पुरता संपलेला नाही.

शेठनी एक सॉफ्टवेअर घेतलं होतं, ऑफिसातलं काम कुठून कुठे जातं याचा नकाशा काढायचं. कामाची एक चौकट, तिच्यातून बाण, बाणापुढे दुसरी चौकट. जिथे 'हे की ते' असं ठरवायचं असेल तिथे शंकरपाळीच्या आकाराची चौकट. तिच्यातून दोन किंवा जास्त बाण निघतात आणि प्रत्येक बाणावर अट लिहावी लागते. अट लिहिली नाही तर कोपऱ्यात लाल त्रिकोण येतो आणि नकाशा पुढे जात नाही. तो पूर्ण झाला की त्यावरून बाहेरचा एक माणूस मोबाइलवरचं ॲप तयार करणार होता. सोसायटीने ॲपमध्ये तक्रार टाकायची, कुठला मेकॅनिक आधी कुठे जाणार ते ॲपने ठरवायचं.

मला तीन दिवसांच्या ट्रेनिंगला पाठवलं. विमानतळाजवळचं हॉटेल होतं. वर्गात बँकेतली माणसं, औषध कंपनीतली माणसं आणि लिफ्टवाली मी. शिकवणाऱ्या सरांचं म्हणणं एकच होतं, वरून खाली यायचं. पहिल्या पानावर अख्खा धंदा, जास्तीत जास्त सात चौकटींत. माणसांची नावं लिहायची नाहीत, फक्त कामं लिहायची. मग एकेक चौकट उघडायची, तिच्या पोटात पुन्हा पाच-सात चौकटी, त्यातली एक उघडायची, असं खाली खाली जायचं. "काम करणाऱ्या माणसाला सुरुवातीलाच विचारू नका," ते म्हणाले. "तो तुम्हाला फक्त अपवाद सांगेल." मी हे वहीत लिहून दोनदा अधोरेखित केलं. वाक्य मला पटलं होतं. आमच्याकडे कोणालाही काही विचारलं तर तो आधी अपवादच सांगतो.

माझं पहिलं पान चाळीस मिनिटांत झालं. तक्रार घेणे, क्रम लावणे, मेकॅनिक पाठवणे, दुरुस्त करणे, तक्रार बंद करणे. पाच चौकटी, चार बाण. सरांनी ते पडद्यावर लावून सगळ्यांना दाखवलं. बँकेतल्या एका बाईचं पान अजून तिसऱ्या चौकटीत अडकलं होतं, तिने माझ्याकडे रागाने बघितलं. घरी बोरीवलीला पोचेपर्यंत मी खूश होते.

दुसऱ्या आठवड्यात दुसरी चौकट उघडली. क्रम लावणे.

सकाळी आठ ते अकरा या वेळात आमच्याकडे तीस-पस्तीस फोन येतात. मेकॅनिक अकरा. म्हणजे कुठली लिफ्ट आधी आणि कुठली नंतर, हे कोणीतरी ठरवावं लागतं. ते फोनवर बसणारी बाई ठरवते. ती मरोळ गावठाणातली, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, कंपनीत माझ्या आधीपासून. डोक्याला हेडफोन, समोर पिवळा पॅड, हातात पेन्सिल. पेनने लिहीत नाही, कारण क्रम दर दहा मिनिटांनी बदलतो आणि खोडायला लागतं. आम्ही दोघी रोज एकत्र जेवतो. तिच्या डब्यातलं सुकट मी खाते, माझी उसळ ती खाते. यापलीकडे मैत्रीबद्दल काही सांगण्यासारखं नाही.

येत्या मार्चमध्ये तिला अठ्ठावन्न पूर्ण होणार होती. आमच्याकडे अठ्ठावन्नला निवृत्ती. तिने शेठकडे दोन वर्षं वाढवून मागितली होती. कारण तिने मला सांगितलं होतं तसंच लिहिते.

"माझा म्हातारा बोटीवरून उतरला तो उतरलाच. दिवसभर खुर्चीत. घरात खोल्या दोन. मी पण दिवसभर घरी राहिले ना, तर सहा महिन्यांत एक जण कबरीत आणि एक जण जेलात."

"दोन वर्षांनी काय होणार?"

"दोन वर्षांनी मुलगी दुबईहून परत येतेय. मग त्याच्याशी भांडायला ती आहे."

शेठनी तिला आणि मला एकत्र बोलावून स्पष्ट सांगितलं होतं. क्रम लावायचं काम ॲपला जमलं तर तिला थांबवून घ्यायचं कारण उरत नाही. नाही जमलं तर दोन वर्षं देऊ. म्हणजे हिशेब सरळ होता. दुसऱ्या चौकटीतल्या शंकरपाळ्यांवर मला सगळ्या अटी लिहिता आल्या तर ती मार्चमध्ये घरी. नाही आल्या तर ती राहणार, आणि मला नकाशा काढता येत नाही असं ठरणार. केबिनमधून बाहेर पडल्यावर ती म्हणाली, "चल, कर सुरू. काय विचारायचंय ते विचार." तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

मी विचारलं.

"दोन तक्रारी एकदम आल्या. मेकॅनिक एक. आधी कुठे पाठवतेस?"

"जिथे गरज जास्त."

"गरज जास्त हे कशावरून कळतं?"

"फोनवरून."

"फोनवरून म्हणजे?"

"अगं बाय, फोनवरून म्हणजे फोनवरून. एकोणीस वर्षं माझं सुकट खातेस, आता काय पोलीस झालीस?"

मी शंकरपाळीवर 'गरज जास्त' असं लिहिलं. लाल त्रिकोण गेला. ॲपवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, "मॅडम, गरज मोजणार कशी?" त्रिकोण गेला होता तरी अडचण तिथेच होती.

मग सरांचा नियम मोडून मी खालून सुरुवात केली. सकाळी आठला तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसायची, तिने प्रत्येक फोनला काय केलं ते वहीत लिहायची आणि अकरानंतर एकेकाचं कारण विचारायची. पहिल्या दोन दिवसांत माझी कामाची समज वाढली आणि नकाशा बिघडला.

उदाहरणार्थ, माणूस लिफ्टमध्ये अडकला असेल तर ती तक्रार सगळ्यांत आधी घ्यायची, हा नियम मी कोणालाही न विचारता लिहिला होता. तो कोणीही लिहील. पण आपल्याकडच्या सोसायट्यांना हा नियम माहीत आहे. त्यामुळे लिफ्ट बंद पडली की वॉचमनला सांगितलेलं असतं, फोनवर 'आदमी अटका है' असं म्हणायचं. मी बसले त्या पहिल्या सकाळी सहा इमारतींमध्ये माणसं अडकली होती. ती प्रत्येक वॉचमनला शांतपणे सांगत होती, "लिफ्टच्या दारावर जोरात थाप मार, आणि फोन तिथे धर." चौघांनी फोन ठेवून दिला. एकाने थाप मारली, आतून काहीच आवाज आला नाही. सहाव्या ठिकाणी आतून एक बाई इतकी ओरडली की मला हेडफोनबाहेर ऐकू आलं. तिथे मेकॅनिक लगेच गेला.

हे मला आवडलं. हे लिहिता येत होतं. ॲपमध्ये थाप कशी मारणार हा प्रश्न होता, पण निदान अट होती.

मग सोसायट्यांमधले गट. एका सोसायटीत लिफ्ट एक असते आणि गट दोन. सेक्रेटरीच्या विरोधातल्या गटाला लिफ्टशी घेणं नसतं. आमच्या नोंदीत 'या महिन्यात नऊ तक्रारी' असं दिसावं आणि ते वार्षिक सभेत वाचून दाखवता यावं, एवढंच हवं असतं. हे लोक चालू लिफ्टची तक्रार करतात. ती आवाजावरून ओळखायची. "हा तिसऱ्या मजल्याचा. हा कधी जिन्याने सुद्धा खाली उतरत नाही, याला लिफ्ट कशाला?" मी लिहिलं, 'सभेच्या आधीच्या महिन्यात एकाच सोसायटीतून वारंवार आलेल्या तक्रारींची खात्री करावी.' चौकटी वाढत होत्या. जेवताना ती विचारायची.

"माझी किती पानं झाली?"

"नऊ."

"बापरे. मला वाटलं दोनात संपेन."

खरा गोंधळ तिसऱ्या दिवशी सुरू झाला. सोमवारी तिने दवाखान्याची एक इमारत पहिली घेतली होती. मी नियम केला, दवाखाना आधी. बुधवारी तोच दवाखाना तिने सातवा ठेवला.

"सोमवारी पहिला, आज सातवा. असं का?"

"सोमवारी हाडांचा डॉक्टर बसतो. लंगडणारी माणसं येतात. बुधवारी कानाचा. कान दुखला तर माणूस जिना चढतो."

मी नियमात वार घातला. गुरुवारी जोगेश्वरीच्या एका साध्या चार मजली इमारतीला तिने सगळ्यांच्या वर उचललं. पॅडवर फक्त 'बंद' एवढंच लिहिलं होतं. मी कारण विचारलं.

"तिथला वॉचमन मला रोज गुड मॉर्निंग म्हणतो. आज नाही म्हणाला."

"म्हणून?"

"म्हणून काहीतरी मोठं असणार."

मोठं होतं खरं. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती आणि आत दुधाच्या पिशव्या घेऊन एक म्हातारा होता. त्याची बायको वॉचमनच्या शेजारी उभी होती, म्हणून तिला ऐकू जाईल असं वॉचमन काही बोलला नव्हता. मी थक्क झाले आणि वहीत लिहिलं: नेहमी अभिवादन करणाऱ्याने न केल्यास तक्रार वर घ्यावी. लिहिताना मला स्वतःचंच हसू आलं, पण लिहिलं. शनिवारी तोच वॉचमन पुन्हा गुड मॉर्निंग म्हणाला नाही. तिने ती तक्रार खाली ठेवली.

"आता का?"

"आज त्याचा मूड नव्हता."

"हे तुला कसं कळलं?"

"कळतं ना."

त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या मनात आलं की ही मला खेळवतेय. तिला माहीत होतं की नियम जुळले तर ती घरी जाणार. मग तिने ते जुळू कशाला द्यावेत? मी तिच्या जागी असते तर जुळू दिले नसते. पण ती खरंच सांगू शकत नसेल, हेही शक्य होतं. मला कोणी विचारलं, मिठाचं प्रमाण कसं ठरवतेस, तर मीही काहीतरी थातुरमातुर सांगेन. तिच्याकडे बघून यातलं काहीच ठरवता येत नव्हतं. मी सरळ विचारायचं ठरवलं. गोल गोल विचारणं मला जमत नाही.

"तू मुद्दाम वेगवेगळं सांगतेस का गं?"

जेवताना ती माशाचा काटा काढून बाजूला ठेवत होती. तो ठेवून झाल्यावर म्हणाली, "तुझ्या जागी मी असते ना, तर मलाही हेच वाटलं असतं."

हे उत्तर नव्हतं. मी वहीत ते लिहिलं नाही.

शेठना घाई होती. त्यांनी सांगितलं, एक दिवस तपासून बघा. पॅडवर जेवढं लिहिलं जातं तेवढंच मी बघायचं, कारण ॲपलाही तेवढंच दिसणार. त्यावरून माझ्या नियमांनी मी वेगळ्या कागदावर क्रम लावायचा, ती तिचा लावेल. मेकॅनिक मात्र तिच्याच क्रमाने जातील. संध्याकाळी दोन्ही कागद शेजारी ठेवायचे आणि जिथे फरक असेल तिथे काय झालं ते लिहायचं.

त्या दिवशी चौतीस तक्रारी आल्या. बहुतेक ठिकाणी आमचा क्रम एक-दोन जागांनी इकडेतिकडे होता, तेवढा फरक रस्त्यावरच्या गर्दीतही पडतो. मोठा फरक दोनच ठिकाणी पडला. मुलुंडच्या एका सात मजली इमारतीतून चार फोन आले होते. माझ्या नियमाने चार फोन म्हणजे गंभीर. त्या सोसायटीची सभा नुकतीच होऊन गेली होती, त्यामुळे तो नियमही लागू नव्हता. मी मुलुंड पहिलं ठेवलं. तिने ते सगळ्यांत शेवटी ठेवलं. घाटकोपरच्या एका इमारतीतून एकच फोन होता आणि पॅडवर एकच शब्द, 'दार'. माझ्याकडे दाराच्या तक्रारी खालच्या गटात होत्या. मी ती सत्ताविसावी ठेवली. तिने पहिली ठेवली.

साडेदहाला घाटकोपरहून मेकॅनिकचा फोन आला. दार लागलं आहे असं मशीनला खोटंच कळावं म्हणून कोणीतरी जुनी वायर जोडून ठेवली होती. दार उघडं असतानाच लिफ्ट वर जात होती. त्या इमारतीत तळमजल्यावर शिकवणीचा क्लास आहे. मेकॅनिकने लिफ्ट बंद केली, दाराला आडवा दोर बांधला, मग आम्हाला कळवलं. हा माणूस सहसा एवढं बोलत नाही.

मी माझ्या कागदावरचा सत्तावीस हा आकडा बघत बसले.

पावणेपाचला मुलुंडहून फोन आला, पण वॉचमनचा नाही, एका रहिवाशाचा. तो माझ्याशीच बोलला. त्याच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. अकरा वाजता तिला हॉस्पिटलमधून घरी आणलं, घर सहाव्या मजल्यावर, आणि लिफ्ट सकाळपासून बंद. साडेचारपर्यंत ती वॉचमनच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर, पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवून खाली बसली होती. तो ओरडला असता तर मला सवय आहे. तो ओरडला नाही. त्याने एवढंच विचारलं, "तुमच्याकडे क्रम कोण लावतं?"

मी म्हटलं, "आम्ही लावतो."

मी तिच्या टेबलाशी गेले. फोन थंडावले होते, ती पेन्सिलीला टोक करत होती.

"मुलुंडची लिफ्ट खरंच बंद होती," मी सांगितलं, आणि त्या बाईंचं सांगितलं.

"चारही फोन त्याच गटाचे होते," ती म्हणाली. "तोच आवाज, तीच भांडणं. सभा हरलेत म्हणून आता रोज करतात."

"हो. पण लिफ्ट बंद होती."

तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. "चुकले मी," ती म्हणाली. मग, "लिहिणार?"

"लिहिणार."

"लिही. घाटकोपर पण लिही."

"तेही लिहिलंय."

"मग जिंकलं कोण?"

"तेच कळत नाही."

मला खरंच कळत नव्हतं. माझ्या कागदाने चाललो असतो तर त्या बाई साडेअकराला घरी असत्या आणि घाटकोपरची लिफ्ट क्लास सुटायच्या वेळी दार उघडं ठेवून फिरत असती. तिच्या कागदाने चाललो म्हणून घाटकोपर वाचलं आणि त्या बाई खाली बसल्या. ही बेरीज कशी करायची हे ट्रेनिंगमध्ये शिकवलं नव्हतं.

मी विचारलं, "घाटकोपरचं तुला कसं कळलं? पॅडवर तर 'दार' एवढंच आहे."

"तो म्हणाला, दार लागत नाही पण लिफ्ट जाते. दार लागलं नाही तर लिफ्ट जायलाच नको ना. मग गेली कशी?"

"मग एवढं लिहायचं ना पॅडवर."

"मला माहीत होतं की. कोणासाठी लिहू?"

मी तिथेच तिच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. दाराच्या तक्रारीखाली नवी शंकरपाळी काढली. दार उघडं असताना लिफ्ट हलते का? 'हो' वरून निघालेला बाण सरळ सगळ्यांत वर नेला. नियम पक्का होता, सोपा होता, कुठल्याही ॲपला विचारता येईल असा होता. इतक्या दिवसांत इतका चांगला नियम मला मिळाला नव्हता. ती माझ्या खांद्यावरून बघत होती.

"म्हणजे तेही गेलं माझं," ती म्हणाली.

मी बाण सरळ करत होते. नियम काढला नसता तर उद्या ती आजारी पडल्यावर 'दार' सत्ताविसाव्या नंबरवर गेलं असतं. काढला म्हणून ती आणखी एका चौकटीने कमी झाली. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या आणि दोन्ही माझ्याच हातून होत होत्या. त्या संध्याकाळी घरी नवऱ्याला हे सांगायचा प्रयत्न केला. तो म्हणाला, "मग तू बरोबर केलंस की चूक?" मी म्हटलं, "भाजी गरम कर."

मी सगळं घेऊन शेठकडे गेले. एकवीस पानं, दोन क्रमांचे कागद आणि फरकाचं पान. मुलुंड आणि घाटकोपर दोन्ही जसं घडलं तसं लिहिलं होतं. तिला वाचून दाखवलं होतं. तिने 'वॉचमनची खुर्ची' हे शब्द काढायला सांगितले, मी काढले नाहीत.

शेठ घाटकोपरचे, गुजराती, मराठी शाळेत शिकलेले, आणि कागद वाचायचा कंटाळा असलेले. त्यांनी एकवीस पानं बाजूला सारून पहिलं पान समोर घेतलं. त्या पाच चौकटी. ते त्यांना आवडलं.

"मॅडम, यात ती कुठे आहे?"

"दुसऱ्या चौकटीत. ती उघडली की आत तिसऱ्या पानापासून."

"म्हणजे वरच्या पानावर नाही."

"वरच्या पानावर कोणीच नाही शेठ. तुम्हीपण नाही. मी पण नाही. माणसं लिहायची नसतात."

ते जरा वेळ ते पान बघत राहिले. मला वाटतं ते स्वतःला शोधत होते. मग म्हणाले, "मला एकच सांगा. तिच्याशिवाय चालेल?"

या प्रश्नाची मी तयारी केली होती. उत्तर 'चालेल' असं होतं. लिफ्ट बंद पडतील, मेकॅनिक जातील, लिफ्ट चालू होतील. कुठेतरी कोणीतरी खुर्चीवर बसेल, पण ते आत्ताही बसतात. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "दाराचा नियम मला त्या दिवशी पावणेपाचला कळला. सकाळी विचारलं असतं तुम्ही, तर मी म्हटलं असतं, सगळे नियम झाले."

"म्हणजे अजून नियम बाकी आहेत?"

"बाकी आहेत."

"मग ते संपेपर्यंत राहू द्या तिला. ॲपवाला महिन्यातून एकदा येईल, एक नियम घेईल, तपासेल, बसवेल. संपले की बस." त्यांनी सुटल्यासारखं पान खाली ठेवलं. "किती बाकी आहेत ते ॲपवाल्याच्या फॉर्मवर लिहून द्या."

फॉर्मवर रकाना होता, 'शिल्लक नियम'. मी त्यात 'माहीत नाही' असं लिहून पाठवलं. फॉर्म परत आला. तिथे आकडा हवा होता.

मी तो डब्याशेजारी ठेवून तिला विचारलं, "किती उरलेत?"

"काय?"

"तुझ्या डोक्यात. न सांगितलेले."

तिने माझ्या उसळीत पाव बुडवला. "तुला किती हवेत?"

"मस्करी नको. खरं सांग."

"खरंच सांगते बाय. मला काय माहीत? तो घाटकोपरवाला बोलायच्या आधी मला तरी माहीत होतं का, माझ्याकडे तो नियम आहे म्हणून?"

मी तिच्या तोंडाकडे बघितलं. नेहमीसारखंच होतं. महिन्याला एक असा हिशेब करून मी चोवीस लिहिलं आणि सही केली. तिने आकडा उलटा, टेबलाच्या पलीकडून वाचला आणि सुकट माझ्याकडे सरकवलं. मी खोटं लिहिलं असं मला वाटत नाही. खरं लिहिलं असंही म्हणता येणार नाही.

ॲपवाला पहिल्या महिन्यात आला तेव्हा तिने त्याला दवाखान्याचा तोच जुना नियम दिला, वारांसकट. त्याने तो बसवला, आकडा तेवीस झाला. दुसऱ्या महिन्यात तो आला तेव्हा ती म्हणाली, हाडांचा डॉक्टर आता गुरुवारी बसतो, आणि सोमवारी लहान मुलांचा, म्हणून सोमवारचं सगळं परत बघावं लागेल. आकडा पुन्हा चोवीस झाला. ॲपवाल्याने माझ्याकडे बघितलं. मी दवाखान्याला फोन करून खात्री करू शकले असते, नंबर समोरच्या पॅडवरच होता. मी त्याला म्हटलं, "लिहून घ्या."